होडीतल्या टाकीला वास का येतो?

शिडाची होडी म्हटली की निळे पाणी आणि मोकळा वारा असे चित्र डोळ्यांसमोर येते. २०११ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात आम्ही अशा एका होडीवर पहिल्यांदा पाऊल ठेवले, तेव्हा मात्र आधी जाणवला तो वास. नासक्या अंड्यांचा. होडी प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याची, तीस फूट लांबीची. वर उघड्यावर बसले की काही कळत नसे. चार पायऱ्या उतरून खालच्या केबिनमध्ये गेले की नाकाला रुमाल लावावा लागे. सहकारी बिचारा ओशाळून गेला होता. संडास तो नेमाने धूत असे, आणि वास घालवण्याच्या औषधांनी एक आख्खे कपाट भरले होते. गंमत अशी की आम्ही दोघेही त्याच उपसागराच्या तळाच्या चिखलावर काम करत होतो आणि त्या चिखलालाही नेमका हाच वास येत असे. तरीही दोन्हींचा संबंध आमच्या ध्यानात यायला दोन रविवार गेले, हे कबूल केले पाहिजे.

होडीत संडासाची टाकी असते तरी कशाला? पूर्वी नसे, सगळे सरळ पाण्यात जाई. १९७२ च्या अमेरिकी जलशुद्धता कायद्यानंतर हे बदलले. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरच्या आत, प्रक्रिया न केलेला मैला सोडायला तेथे बंदी आहे. म्हणून लहान होड्यांत बाकाखाली पन्नास-शंभर लिटरची प्लॅस्टिकची टाकी बसवतात आणि धक्क्यावर आल्यावर ती पंपाने उपसून घेतात. बाकीची रचना साधी आहे. एका नळीने बाहेरचे खारे पाणी आत येते, हातपंपाने ते भांड्यात व तेथून मैल्यासह दुसऱ्या नळीने टाकीत जाते. टाकीतली हवा बाहेर जायला एक बारीक नळी होडीच्या कडेला उघडते. ही बारीक नळी लक्षात ठेवा.

आता वासाकडे वळू. विष्ठेला स्वतःचा वास असतोच. इंडोल आणि स्कॅटोल नावाच्या संयुगांमुळे तो येतो. पण केबिनमधला वास त्यांचा नव्हता. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा होता, आणि हा वायू टाकीत बाहेरून येत नाही, तेथेच तयार होतो. उकडलेल्या अंड्याला आणि गोबरगॅसला जो वास येतो त्यातही हाच वायू असतो. काळ्या मिठातही गंधकाची अशीच संयुगे असतात. त्याला पादेलोण हे नाव ज्याने ठेवले, त्याचे नाक चांगले शाबूत असले पाहिजे!

हा वायू तयार करतात जिवाणू. जिवाणू अन्न 'जाळतात' असे आपण वर्गात सांगतो. जाळणे म्हणजे अन्नातले इलेक्ट्रॉन काढून दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात टाकणे. ते घ्यायला ऑक्सिजन हजर असेल तर जिवाणूला सर्वांत जास्त ऊर्जा मिळते. ऑक्सिजन संपला की नायट्रेटची पाळी येते, मग मँगनीज व लोह यांच्या ऑक्साइडांची, त्यानंतर सल्फेटची आणि अगदी शेवटी कार्बन डायऑक्साइडची. या शेवटच्या पायरीवर मिथेन तयार होतो. गोबरगॅसचे सयंत्र आपण मुद्दाम तेथपर्यंत नेतो. पंगतीत पुरणपोळी असेपर्यंत भाकरीकडे कोणी वळत नाही, तसेच हे आहे. ऑक्सिजनच्या पायरीवर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते, त्यांना वास नाही. सल्फेटच्या पायरीवर तयार होतो हायड्रोजन सल्फाइड. सल्फेटवर जगणारे हे जिवाणू डच शास्त्रज्ञ बायेरिंक याने १८९५ साली प्रथम वेगळे करून दाखवले.

होडीच्या टाकीत हा क्रम किती लवकर खाली घसरतो ते पाहा. एका लिटर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे ६० लिटर पाण्यात अर्धा ग्रॅमही नाही. एका माणसाच्या दिवसभराच्या मलमूत्राचे पूर्ण विघटन व्हायला मात्र वीस-तीस ग्रॅम ऑक्सिजन लागतो. शिवाय वरून नवा ऑक्सिजन यायचा तर तो पाण्यातून झिरपत यायला हवा, आणि पाण्यातले विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. थोडक्यात, टाकी काही तासांतच ऑक्सिजनविना उरते. नायट्रेट जवळजवळ नसतेच. उरते सल्फेट.

आणि सल्फेटला तोटा नाही, कारण संडास खाऱ्या पाण्याने धुतला जातो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. आमच्या होडीभोवतीचे पाणी नदीमुखाजवळचे, समुद्राच्या एक तृतीयांश खारट; तरी लिटरमागे ०.९ ग्रॅम आलेच. टाकीत असे ३० लिटर पाणी धरले आणि त्यातल्या सगळ्या सल्फेटचे रूपांतर झाले असे मानले, तर जवळजवळ सात लिटर हायड्रोजन सल्फाइड होतो. केबिनचे आकारमान १५ घनमीटर म्हणजे १५,००० लिटर. म्हणजे हवेच्या दशलक्ष भागांत साडेचारशेहून अधिक भाग. हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात बराचसा वायू पाण्यात विरघळलेला राहतो, केबिनही काही सीलबंद नसते. तरीही हा आकडा विसरू नका, पुढे त्याचे काम आहे.

उपसागराच्या तळाशी उन्हाळ्यात हेच घडते, फक्त टाकी कित्येक किलोमीटर लांबीची असते. वरचे गोडसर, उबदार पाणी झाकणासारखे बसते. खालचा ऑक्सिजन मेलेले शैवाल कुजवण्यात संपतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही हे नवे नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की पावसाळ्याच्या अखेरीस किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राच्या तळाशी ऑक्सिजन संपतो, मागोमाग नायट्रेट संपते आणि हायड्रोजन सल्फाइड दिसू लागतो. तोच क्रम. टाकीला हे सगळे लागू पडते हे एकदा ध्यानात आल्यावर सहकाऱ्याच्या कपाटाकडे आम्ही नव्याने पाहिले.

कपाटातल्या निम्म्या बाटल्या नुसत्या सुवासाच्या होत्या. गुलाब आणि नासके अंडे एकत्र कसे लागते ते सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या प्रकारात फॉर्माल्डिहाइड होते. ते जिवाणूंना मारते, पण सरसकट. वास न करणारे हवेवरचे जिवाणूही मरतात आणि टाकी भरत राहते तसे नवे जिवाणू येत राहतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एकच डबा आम्हांला शहाणपणाचा वाटला, त्यात नायट्रेट होते. जिवाणूंना क्रमातली वरची पायरी परत दिली की सल्फेटकडे ते वळत नाहीत. शहरांच्या सांडपाण्याच्या नळांतही वास रोखायला कॅल्शियम नायट्रेट वापरतात. पण ते दर वेळी विकत घ्यावे लागते, आणि हवा फुकट असते.

म्हणून ती बारीक नळी. सोळा मिलिमीटर व्यासाची, चांगली दीड-दोन मीटर लांब आणि मध्ये दोन वळणे घेतलेली. तिच्यातून टाकीतली हवा फक्त ढकलली गेली तर बाहेर जाई. ताजी हवा आत यायला वावच नव्हता. त्यातून बाहेरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधून ठेवले होते! आम्ही ती काढून टाकली आणि २५ मिलिमीटरच्या दोन आखूड, सरळ नळ्या होडीच्या दोन बाजूंना काढल्या, म्हणजे वारा एकीकडून आत शिरून दुसरीकडून निघेल. शिवाय मासे पाळण्याच्या काचेच्या पेटीत हवा सोडतात तसा छोटा पंप लावून त्याची नळी टाकीच्या तळाशी सोडली. पहिले दोन दिवस वास कमी होण्याऐवजी भयंकर वाढला. सहकाऱ्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते. विरघळलेला वायू बुडबुड्यांबरोबर बाहेर निघत होता, हे समजावून सांगायला आम्हांला थोडे जड गेले. आठवड्याभरात टाकीजवळचा वास गेला.

पण केबिनमध्ये थोडा उरलाच. शनिवारी सकाळी होडीवर आले की पंपाच्या पहिल्या दांड्याबरोबर एक झोत येई. हा टाकीचा नव्हताच. पाणी आत घेणाऱ्या नळीत आठवडाभर खारे पाणी साचून राही. त्यातले सूक्ष्म जीव मरत, कुजत, आणि सल्फेट तेथे तयारच होते. यावर उपाय सोपा निघाला. हात धुण्याच्या बेसिनच्या निचऱ्याची नळी या नळीला जोडली आणि घरी निघताना बाहेरची झडप बंद करून बेसिनमधले गोडे पाणी पंपाने ओढून घेतले. गोड्या पाण्यात सल्फेट फारच थोडे असते.

राहिल्या मैला नेणाऱ्या नळ्या. जुने रबर आणि साधे प्लॅस्टिक यांतून वायू हळूहळू पार होतो, गळती नसली तरी. याची परीक्षा फार सुंदर आहे. फडके गरम पाण्यात भिजवून पिळावे, नळीभोवती गुंडाळून ठेवावे, गार झाल्यावर बाहेर नेऊन हुंगावे. फडक्याला वास लागला असेल तर नळी बदलायची. आमच्या दोन नळ्या नापास झाल्या.

एक गोष्ट आम्ही मोठ्या मुश्किलीने टाळली. नळ्यांच्या आत दगडासारखा थर बसला होता. लघवी आणि खारे पाणी एकत्र आले की कॅल्शियम व मॅग्नेशियमचे असे क्षार जमतात. ते व्हिनेगरमध्ये विरघळतात, म्हणून सहकारी व्हिनेगरची मोठी बाटली भरल्या टाकीत ओतायला निघाला होता. सल्फाइडचे गणित सामूवर अवलंबून असते. सामू ८ असेल तर दहांतला जेमतेम एक भाग वायूच्या रूपात असतो, ७ ला निम्मा, ६ ला दहांतले नऊ. आम्ल ओतणे म्हणजे पाण्यात दडलेला सगळा वायू एकदम बाहेर बोलावणे. आधी टाकी उपसावी, धुवावी, मगच नळ्यांत व्हिनेगर घालावे. ब्लीचिंगचे द्रावण तर त्यात मिसळूच नये: आम्लाबरोबर क्लोरीन निघतो आणि लघवीतल्या अमोनियाबरोबर क्लोरामाइन.

आता त्या साडेचारशे भागांकडे. आपले नाक हायड्रोजन सल्फाइड शंभर कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी ओळखते. इतके तीक्ष्ण नाक दशलक्षात शंभर भागांच्या आसपास मात्र बधिर होते. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते, वायू गेला. पाचशे भागांच्या पुढे काही मिनिटांत शुद्ध हरपते, हजाराच्या आसपास एक-दोन श्वास पुरतात. पेशी ऑक्सिजन वापरतात त्या विकरालाच हा वायू अडवतो, सायनाइडसारखा. टाकीचे झाकण उघडून आत वाकून पाहायला आम्ही सहकाऱ्याला दिले नाही ते यासाठी.

झाकणाखालचा हा वायू आपल्या गावाशहरांतल्या सेप्टिक टाक्यांत आणि गटारांतही असतो, मासेमारी नौकांच्या बंद कप्प्यांत मासळी सडली तरी असतो. टाकीत उतरलेला सफाई कामगार कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वृत्तपत्रांतल्या अशा बातम्यांत मृतांची संख्या एकावर क्वचितच थांबते, त्याचे कारण हेच. नाकाने दुसऱ्यालाही इशारा दिलेला नसतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख रुपये भरपाई ठरवून दिली. मृत्यू थांबलेले नाहीत. 'आत जाऊन बघतो' म्हणणाऱ्याला हात धरून मागे ओढणे आणि बाहेरूनच मदत बोलावणे एवढे तरी आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

इलेक्ट्रॉन स्वीकारण्याचा क्रम शाळेतही पाहता येतो. पाव लिटरच्या तीन काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत तळ्याकाठचा चार बोटे चिखल, मूठभर वर्तमानपत्राचे कपटे आणि वर पाणी. दुसरीत व तिसरीत फळ्यावरच्या पांढऱ्या खडूची पूड चमचाभर मिसळा. आपल्याकडचे बरेच खडू प्लास्टर ऑफ पॅरिसचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात. खडूवर व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे आले तर तो कार्बोनेटचा, आपल्या उपयोगाचा नाही. तिसऱ्या बाटलीत मत्स्यपेटीच्या पंपाची नळी चिखलाच्या तळापर्यंत सोडा. झाकणे सैल ठेवा, बाटल्या उघड्या व्हरांड्यात सावलीला ठेवा आणि जवळ नाक नेऊ नका. काही आठवड्यांत दुसऱ्या बाटलीतला चिखल पहिलीपेक्षा पुष्कळ काळा झालेला दिसेल. सल्फाइड चिखलातल्या लोहाशी जुळून काळे लोह सल्फाइड तयार होते. तिसरी तपकिरीच राहते. मग तिचा पंप काही दिवस बंद ठेवून पाहा.