हमाल आणि त्याची हमाली

‘मी काय तुझा हमाल आहे?’ बॅग उचलायला सांगणाऱ्या मित्राला आपण सहज असं सुनावतो. हा शब्द आपल्या तोंडी जवळजवळ शिवीच होऊन बसलाय.

हमाल मूळचा अरबी, मराठीत आला फारसीच्या वाटेनं. ह-म-ल या धातूचा अर्थ वाहणं, उचलून नेणं. आपण हैदराबादकर हा धातू उर्दूत आणखी एका ठिकाणी ऐकतो: गरोदर बाईला ‘हामिला’ म्हणतात. म्हणजे भाषेच्या हिशेबानं आई आणि हमाल एकाच घरचे! हे कळल्यापासून तो शब्द कुणावर फेकताना माझी तरी जीभ अडखळते.

मराठीत हमालपासून ‘हमाली’ आली. तिचे अर्थ दोन, काम आणि त्या कामाची मजुरी. (तेलुगूत तर त्या माणसालाच हमाली म्हणतात.) शेतकऱ्याला बाजारात मिळणाऱ्या हिशेबपट्टीवर तोलाईशेजारी हमाली लिहिलेली असते, ती रुपयांत. आपण मात्र ‘वर्षभर नुसती हमाली केली’ म्हणतो तेव्हा मजुरी गळून पडते. उरतं ते डोकं न चालवता फुकट राबणं.

पण फुकट राबवून घेण्याला मराठीत वेगळा शब्द आहे: वेठ. क्रुसाच्या वाटेत पाचव्या स्थानावर भेटणारा सिरेनेचा शिमोन आठवा. सैनिकांनी त्याला वेठीस धरलं. ना मजुरी, ना नकाराची सोय. क्रूस त्यानं वाहिला, तरी त्याला हमाल म्हणता येणार नाही. हमाल आधी भाव ठरवतो, मग पाठ वाकवतो.

२०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात ‘कुली’चं नाव ‘सहायक’ झालं. हमालांनी दुसरा रस्ता धरला. बाबा आढावांनी पुण्यात त्यांची संघटना बांधली, तिचं नाव हमाल पंचायत. महाराष्ट्राच्या १९६९च्या कायद्याच्या नावातही ‘माथाडी’च्या जोडीला ‘हमाल’ आहेच. त्यांनी शब्द बदलून मागितला नाही. नोंदणी, ठरलेली मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मागितला.

सभ्य पर्याय म्हणून कुणी ‘वाहक’ सुचवेल. पण एसटीत वाहक म्हणजे कंडक्टर, आणि तो तिकिटं देतो. टपावर पोतं चढवायचं असलं की हाक हमालालाच मारावी लागते.