शेवटची चार पानं

"सायन्स सगळं झालंय मॅडम, फक्त रेफरन्सेस तेवढे सेट करून द्या." शोधनिबंध जर्नलला पाठवायच्या आदल्या दिवशी असा फोन हमखास येतो. 'तेवढे' म्हणजे साठ-सत्तर नोंदी. निम्म्या झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या, काही गाइडच्या जुन्या पेपरातून उचललेल्या, आणि चार-पाच सहलेखकाने हाताने टाइप करून मधेच घुसवलेल्या. या घुसवलेल्या सगळ्यांत त्रासदायक, कारण सॉफ्टवेअरला त्या दिसतच नाहीत. मजकुरातला एखादा परिच्छेद वर सरकवला की बाकीचे क्रमांक आपोआप बदलतात आणि या जागच्या जागी राहतात. मग सतरा नंबरला भाताच्या वाणाचा संदर्भ शोधायला जावं, तर खाली मातीतल्या जस्तावरचा पेपर.

एकच नोंद किती तऱ्हांनी लिहिता येते हे पाहायचं, तर रामन आणि कृष्णन यांचं 'नेचर'मधलं १९२८ चं टिपण घ्यावं: 'अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन', खंड १२१, पानं ५०१ ते ५०२. वैद्यकीय जर्नलांच्या व्हँकुव्हर पद्धतीत आधी आडनाव, मग टिंबांशिवाय आद्याक्षरं, आणि शेवट असा: 'नेचर. १९२८;१२१:५०१-२.' अर्धविरामानंतर जागा नाही, कोलननंतर नाही, आणि शेवटच्या पानाचे पहिले दोन आकडे गाळलेले. मानसशास्त्रवाल्यांच्या एपीए पद्धतीत वर्ष नावांच्या पाठोपाठ कंसात येतं आणि खंडाचा आकडा तिरपा होतो. रसायनशास्त्राच्या एसीएसमध्ये दोन लेखकांच्या मध्ये अर्धविराम, आणि वर्ष ठळक. भौतिकशास्त्रातल्या काही नामांकित जर्नलांत तर कित्येक वर्षं लेखाचं शीर्षकच देत नसत. नावं, जर्नल, ठळक खंड, पहिलं पान, कंसात वर्ष, झालं.

कंसात नाव आणि वर्ष लिहिण्याची रीत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ च्या निबंधापर्यंत मागे नेली जाते. निबंध होता बिनशंखाच्या गोगलगायीवर. आकड्यांची व्हँकुव्हर पद्धत त्यामानाने अलीकडची. १९७८ मध्ये काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या त्या शहरात जमले, ते हस्तलिखितांचे नियम सगळीकडे सारखे असावेत म्हणून. हेतू चांगला होता. तरीही एका जर्नलने नाकारलेला पेपर दुसरीकडे पाठवायचा, म्हणून कंसातली वर्षं काढून आकडे घालणं, हे काम माझ्याकडे आजही येतं. बऱ्याच जर्नलांनी आता पहिल्या खेपेला कुठलीही एक पद्धत चालेल, फक्त ती सगळीकडे सारखी ठेवा, अशी सवलत दिली आहे. माझी कमाई यावर असली तरी मला ती सवलत रास्त वाटते. पेपर स्वीकारला जाईल की नाही हे ठाऊक नसताना पीएचडीच्या पोरांनी टिंबं मोजत रात्र का घालवावी?

हे पद्धत बदलणं सॉफ्टवेअर चुटकीसरशी करतं. पण त्याच्या पोटात जे घातलं तेच ते बाहेर काढतं. 'वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन' माणसाच्या नावासारखं भरलं, तर सूचीत 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' नावाचे गृहस्थ अवतरतात. झोटेरोत नावाचा रकाना एकेरी करावा लागतो, एंडनोटमध्ये संस्थेच्या नावापुढे एक स्वल्पविराम ठोकावा लागतो. बिबटेक शीर्षकातली कॅपिटल अक्षरं लहान करून टाकतं, त्यामुळे डीएनए महिरपी कंसात घालून वाचवायचा. जर्नलांच्या नावांचे संक्षेप आणखी निराळे. 'नेचर', 'सायन्स', 'सेल' ही एकशब्दी नावं तोडायची नाहीत. 'इंडियन' पूर्ण लिहायचं, पण त्यापुढचं 'जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' मात्र 'जे मेड रेस' एवढंच. नावांचा घोळ तर आपल्याकडचाच. तमिळ लेखकाला आडनाव नसतं, वडिलांचं नाव आद्याक्षर होऊन पुढे बसतं, आणि कुठला डेटाबेस कशाला आडनाव समजेल याचा भरवसा नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मराठी लेखिकेचे पेपर दोन बायकांच्या नावावर पडतात.

एवढं झालं की खरं काम सुरू होतं. एकेक डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन पत्ता, उघडायचा आणि मूळ पानाशी नोंद ताडून पाहायची. 'नेचर'च्या जुन्या लेखांचे डीओआय मला आवडतात. वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३ च्या लेखाच्या डीओआयमध्ये, १०.१०३८ च्या तिरक्या रेघेनंतर, १७१७३७ येतं: खंड १७१, पान ७३७. नोंद आणि पत्ता तिथल्या तिथे पडताळता येतात. इतर ठिकाणी वर्ष फसवं असतं. लेख ऑनलाइन आला डिसेंबरात, छापील अंक निघाला पुढच्या साली, आणि मजकुरात एक वर्ष नि सूचीत दुसरं.

पानाचा आकडा चुकला तर त्यात काय मोठंसं, असं लेखक म्हणतात. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी अशाच चुका मोजल्या. सुमारे ४,३०० वेळा उद्धृत झालेल्या एका पेपरच्या संदर्भांत त्यांना १९६ चुका सापडल्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. एक चूक तर ७८ ठिकाणी जशीच्या तशी. तीच चूक इतक्या जणांच्या हातून आपापली होत नाही. ती दुसऱ्याच्या सूचीतून उतरवलेली असते. त्यावरून २००३ मध्ये त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी वीसेक टक्केच मूळ पेपर वाचतात. एल्सेव्हिअरच्या लेखकांसाठीच्या सूचनांत नमुना म्हणून 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल' हा लेख दिलेला असे. असा लेख कधी छापलाच गेला नव्हता. तरी शेकडो प्रकाशित पेपरांच्या सूचीत तो सापडतो; बहुतेकांनी नमुन्यावर आपली यादी रचली आणि नमुना पुसायचा राहिला.

चॅटजीपीटी आल्यापासून चित्र उलटं झालं आहे. त्याने रचून दिलेली नोंद कशी चोख: टिंबं जागेवर, डॅश हवा तेवढ्याच लांबीचा, शीर्षक विषयाला चपखल. डीओआय टाकावा, तर एकतर तो अस्तित्वातच नसतो, नाहीतर भलत्याच विषयाचा पेपर उघडतो. जर्नल खरं, खंडही खरा, त्या पानावर मात्र दुसऱ्याच कुणाचा लेख. पूर्वी गबाळी नोंद दिसली की माझ्या कपाळाला आठी पडायची. आता तिच्यावर माझा विश्वास जास्त. जर्नलचं नाव अर्धवट तोडलेलं, आद्याक्षर हुकलेलं, म्हणजे कुणीतरी कुठेतरी ती पाहिली होती.

परवा अशीच एक देखणी नोंद कुठेच सापडेना. पबमेड पाहिलं, क्रॉसरेफ पाहिलं, त्या जर्नलच्या साइटवर जाऊन त्या वर्षीचा अंक चाळला. मार्जिनमध्ये क्वेरी टाकली: 'संदर्भ ४१ सापडत नाही, कृपया मूळ लेख पाठवावा.' लेखकाचा फोन आला.

"तो काढून टाका ना मॅडम, एवढं काय."

"काढते. पण त्या वाक्याला तो एकच आधार आहे सर. 'अनेक अभ्यासांतून सिद्ध झाले आहे' असं लिहिलंय तुम्ही."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, गाइडना विचारून सांगतो. संध्याकाळी फाइल परत आली, ते वाक्य वगळून. बेचाळीसपासून पुढचे सगळे क्रमांक एकेक घर मागे सरकले, फक्त सहलेखकाने हाताने टाइप केलेले तेवढे राहिले. ते मी शोधून दुरुस्त केले.