झाऱ्याची लाकडी मूठ सैल का होते? आणि पाण्यात बुडवणं हा उपाय का नाही?

कढईत तेल तापलेलं आहे. झाऱ्यावर पुरी घेऊन तुम्ही तो वळवता, तर पातं तिथेच राहतं आणि हातातली मूठ तेवढी फिरते. पुरी तेलात पडते, थेंब मनगटावर उडतात.

यावर अनेक घरांतला उपाय ठरलेला असतो: झारा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा. सकाळी मूठ घट्ट झालेली असते. पण काही दिवसांनी ती पुन्हा सैल होते, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त. असं का होतं, हे समजायला मूठ कशी तयार होते ते पाहावं लागेल.

मुळात मूठ लाकडाची का?

उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत लाकूड फार मंद आहे. स्टेनलेस स्टील लाकडाच्या साधारण शंभर पट वेगाने उष्णता वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम त्याहून कितीतरी जास्त. म्हणून झाऱ्याचा दांडा तापला तरी लाकडी मूठ हाताला सोसते. शिवाय प्लास्टिकसारखं लाकूड कढईच्या काठाला टेकल्यावर वितळत नाही. फार झालं तर काळं पडतं.

लाकूड कातण्याआधी वाळवणं

छत्रपती संभाजीनगरात ‘लेथ’ म्हटलं की वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने आणि आयटीआयचा टर्नर ट्रेड आठवतो. पण लेथ लाकडाचाही असतो. त्यावर लाकूड गोल करण्याला मराठीत ‘कातणं’ म्हणतात आणि हे काम करणारा तो ‘कातारी’. जुन्या वाड्यांचे कातीव खांब, पाळण्याचे कातीव दांडे, घरातलं लाटणं हे सगळं याच कामातलं. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळंही लेथवरच आकार घेतात.

मुठीसाठी साग, शिसव, बाभूळ अशी लाकडं चालतात. बाभूळ चिवट असते, म्हणून शेतीच्या अवजारांचे दांडे पूर्वीपासून तिचे करतात. साग तुलनेने कमी आकसतो आणि त्यातल्या तेलकट घटकांमुळे पाणी बऱ्यापैकी सोसतो. मात्र गाभ्याचं लाकूड हवं. सालीलगतच्या फिक्या लाकडाला कीड आणि बुरशी लवकर लागते.

लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. ओलं सागवान पूर्ण वाळलं तर वलयांच्या दिशेने सुमारे ५ टक्के, गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के, पण लांबीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी आकसतं. म्हणजे ओल्या लाकडाची मूठ कातली तर ती आज गोल दिसते आणि वाळल्यावर लंबगोल होते. भोकाचंही तेच होतं.

म्हणून तुकडे आधी सावलीत, हवा खेळेल असे रचून काही महिने वाळवतात. टोकांतून ओल झपाट्याने जाऊन चिरा पडू नयेत म्हणून टोकांना रंग किंवा मेण लावतात. तुकडा वाळला की नाही हे साध्या वजनकाट्यावर कळतं. दर आठवड्याला वजन करायचं आणि ते घटायचं थांबलं की तुकडा कामाला घ्यायचा.

लेथवर काय होतं?

धातूच्या लेथवर हत्यार यंत्रात पक्कं बसवलेलं असतं. लाकडाच्या साध्या लेथवर ते माणसाच्या हातात असतं. समोर टेकण्यापुरती एक लोखंडी पट्टी असते, बाकी सगळं मनगटावर.

काम साधारण या क्रमाने होतं:

१. तुकडा निवडणं. सुमारे ३५ मिमी जाडीचा चौकोनी आणि मुठीपेक्षा थोडा लांब तुकडा. लाकडाचे तंतू मुठीच्या लांबीत सरळ जायला हवेत. ते तिरके असतील तर मूठ त्याच रेषेवर फुटते.

२. आधी भोक. झाऱ्याच्या दांड्याचं टोक निमुळतं असेल, तर भोकही तोंडाशी रुंद आणि आत अरुंद पाडतात. मग ते भोक केंद्र धरून तुकडा लेथवर चढवतात. आधी कातून नंतर भोक पाडलं, तर ते तिरकं जाण्याची भीती असते आणि एका बाजूची भिंत पातळ राहते.

३. कोपरे उडवणं. ३५ मिमीचा चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळपास ५० मिमी भरतो. म्हणून सुरुवातीला वेग कमी ठेवून अर्धगोल पटाशीने तुकडा गोल करतात.

४. आकार देणं. वेग मिनिटाला दोनेक हजार फेऱ्यांपर्यंत वाढवून मध्ये थोडा फुगवटा आणि पुढे बोट अडेल असा उंचवटा ठेवतात. ओला किंवा पिठाचा हात पुढे घसरून गरम दांड्याला लागू नये, यासाठी तो असतो.

५. घासणं. शेवटी सँडपेपरने घासतात, खरखरीत कागदाकडून बारीक कागदाकडे जात.

या कामात हातमोजे, ओढणी, सैल बाह्या चालत नाहीत. फिरता लेथ कापड धरतो आणि हातही ओढून घेतो. दुसरा धोका दिसत नाही, तो भुशाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत १९९५ मध्येच घातली आहे. मास्क आणि धूळ ओढून घेणारा पंखा म्हणूनच गरजेचे.

शेंबी: छोटी पण निर्णायक

मुठीच्या तोंडाशी जे पितळेचं किंवा स्टीलचं कडं असतं, ती शेंबी. दांडा आत ठोकताना लाकूड फुटू नये म्हणून ती बाहेरून आवळून धरते. तिच्यासाठी लाकडाचा भाग किंचित जाड कातून शेंबी दाबून बसवतात. दांडा पक्का करायला पूर्वी वितळलेली लाख ओतत, आता एपॉक्सी किंवा आरपार रिव्हेट वापरतात. लाख साधारण ७५ अंशांना मऊ पडते. त्यामुळे लाखेची मूठ कढईच्या काठावर विसावली की दांडा हलू लागतो.

मग मूठ सैल का होते?

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीपार जातो आणि हवा अगदी कोरडी होते. अशा हवेत लाकडातली ओल ५ टक्क्यांपर्यंत उतरू शकते आणि पावसाळी हवेत १५ टक्क्यांच्या आसपास जाते. एवढ्या फरकाने सागाची ३० मिमी जाड मूठ वलयांच्या दिशेने अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फुगते-आकसते. स्टील मात्र तेवढंच राहतं.

आता पाण्यात बुडवलेली मूठ पाहा. लाकूड फुगतं, पण बाहेर शेंबी आणि आत दांडा, फुगायला जागाच नाही. म्हणून ते दांड्याला घट्ट आवळतं. सकाळी मूठ पक्की वाटते ती यामुळे. पण त्या दाबात लाकडाचे तंतू चिरडले जातात. वाळताना ते आकसतात आणि मूळ मापाहूनही लहान होतात. प्रत्येक वेळी बुडवलं की फट थोडी वाढते. शेंबी नसेल तर तेवढाही फायदा नाही, कारण मूठ फुगताना भोकही रुंद होतं.

घरी काय करायचं?

- लाकडी मुठीचं भांडं भिजत ठेवू नका. घासून लगेच पुसा. डिशवॉशरमध्ये तर नकोच.
- मूठ सैल झालीच, तर ती काढून आठवडाभर सावलीत वाळू द्या. भोक खरवडून स्वच्छ करा आणि एपॉक्सीने बसवा. ओल्या लाकडावर एपॉक्सी धरत नाही.
- वर्षातून दोनदा जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि जास्तीचं पुसून घ्या. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. शेंगदाण्याचं सुकत नाही, चिकट राहून खवट होतं. तेलाची चिंधी चुरगाळून ठेवू नका, ती आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा.
- चिरलेली मूठ चिकटवत बसू नका, बदला.

गुलमंडीवर किंवा आठवडी बाजारात नवा झारा घेताना चकाकी पाहू नका. मुठीवरच्या रेषा लांबीत सरळ जातात का, शेंबी बोटांनी फिरते का आणि दांडा मुठीच्या बरोबर मध्यातून निघतो का, एवढं पाहा. या तिन्ही गोष्टी ठीक असतील आणि मूठ पाण्यात बुडवली नाही, तर तापलेल्या तेलावर ती हातात फिरायची भीती पुष्कळ कमी होते.