सुवर्णपदकाचा कस

१९८२ च्या जानेवारीत मुंबईत संपलेल्या विश्वचषक हॉकी स्पर्धेत भारत पाचवा आला. बदलापूरहून गर्दीच्या लोकलने सामने पाहावयास जाणाऱ्या चाकरमान्याला हे जिव्हारी लागणे स्वाभाविक होते. मॉस्कोचे १९८० चे सुवर्णपदक ताजे होते. परंतु ते सोने कसाला कोणी लावले? बहिष्कारामुळे मॉस्कोला न आलेले पाकिस्तान व पश्चिम जर्मनी हेच मुंबईत अंतिम सामना खेळले. १९७६ साली माँट्रियलच्या कृत्रिम हिरवळीवर मिळालेला सातवा क्रमांक हाच खरा इशारा होता. तशी मैदाने महाग, म्हणून मोजकीच झाली. १९८६ साली लंडनला भारत बारा संघांत बारावा आला. भांडवल न घालणाऱ्या मालकाने तोट्याचा दोष गुमास्त्यावर ढकलू नये. चाहत्याचा संताप रास्तच. तो खेळाडूंवर नव्हे, मैदानांचा खर्च टाळणाऱ्यांवर निघावयास हवा होता.