चमक दुर्बिणीची की डोळ्याची?

हिवाळ्यात गोदावरीच्या पट्ट्यात चक्रवाक उतरतात. नारिंगी-तांबूस अंगाचे हे बदक ओळखायला खरे तर अवघड नाही. पण सूर्य समोर असला की दुर्बिणीतून दिसतात ते नुसते काळपट ठिपके, भोवतीचे पाणी पांढरेफटक आणि सगळ्या चित्रावर धुरकट पडदा. दोष बहुतेक वेळा दुर्बिणीला दिला जातो.

गंगाखेडकरांना यात नदीनेच सवलत दिली आहे. गाव गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहे. घाटावरून पैलतीराकडे, म्हणजे उत्तरेकडे पाहताना हिवाळ्यातला सूर्य दिवसभर पाठीशी राहतो. २१ डिसेंबरला भर दुपारीही तो दक्षिणेला साधारण ४८ अंशांवरच असतो. तेच पक्षी पैलतीरावरून गावाकडे तोंड करून पाहिले तर रंग हरवतात. सकाळी पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे पाहावे, हे ओघाने आलेच. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकतो, तेव्हा ही सवलत कमी होते.

सूर्य चित्रात नसला तरी बाजूने येणारी त्याची तिरीप पुढच्या भिंगावर पडते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत भिंगे आणि लोलक मिळून असे दहा किंवा त्याहून जास्त पृष्ठभाग असतात. दहाच धरले तरी एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळतो, आणि त्यातला काही नळीत इकडेतिकडे आपटून चित्रावर पसरतो. काळा रंग करडा दिसतो तो यामुळे. जर्मनीत झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन घटवले. आजच्या चांगल्या बहुथरी भिंगांत ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. घेताना पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे. पांढरे लख्ख दिसले तर थर नाही. मंद हिरवट-जांभळे दिसले तर आहे. बाजारात लालभडक काचांच्या दुर्बिणी रुबाबदार दिसतात खऱ्या, पण त्या लाल प्रकाशच परतवून लावतात. चक्रवाक पाहायला याहून वाईट निवड नाही.

काचेवरची धूळ, बोटांचे ठसे आणि पावसाळी दमटपणात धरलेली बुरशीही प्रकाश विखुरते. मराठवाड्याच्या धुळीत काच शर्टाच्या टोकाने पुसणे म्हणजे तिच्यावर ओरखडे काढणे. आधी धूळ फुंकणीने उडवावी, मगच मऊ कापड लावावे.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ८×४२ दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिलिमीटर रुंद असतो, तर कडक उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उरते. नळीतली चमक बहुधा या झोताच्या कडेला असते. डोळा मध्यावर असेल तर ती बाहुलीबाहेर राहते. जरा सरकला की चंद्रकोरीसारखी आत शिरते. त्यामुळे दोन नळ्यांमधले अंतर आणि डोळ्याकडच्या रबरी कड्या नीट जुळवणे हा फुकटचा उपाय आहे. टोपीचा पुढचा काठही कामी येतो. पुढच्या भिंगावर हाताची सावली धरताच पडदा नाहीसा झाला, तर तिरीप बाहेरूनच येत होती.

सूर्याच्या अगदी जवळून उडणाऱ्या घारीमागे मात्र दुर्बीण फिरवू नये. आठ पट दुर्बीण नुसत्या डोळ्याच्या तुलनेत सूर्याची कितीतरी पट ऊर्जा आत सोडते, आणि दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. इजा झाल्याचे कळते ते नंतर, नजरेच्या मध्यभागी डाग दिसू लागल्यावर.

सावली धरूनही चमक गेली नाही, काच स्वच्छ आहे आणि त्याच जागी तीच दुर्बीण घरातल्या तरुणाला लख्ख दिसते, असे झाले तर नवी दुर्बीण घेण्याआधी डोळे तपासावेत. मोतीबिंदूत डोळ्यातल्या भिंगातली प्रथिने गोळा होऊन प्रकाश विखुरतो. सुरुवातीला तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरे ठीक वाचता येतात, पण उन्हात डोळे दिपतात, रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरून दिसतात, रंग पिवळट वाटतात. अशा वेळी नेत्रतज्ज्ञांना फक्त ‘कमी दिसते’ एवढेच न सांगता, उन्हात आणि दिव्यांसमोर काय होते तेही सांगावे.