रक्तपाताविना रहस्यकथा



हमालांच्या युनियनचा माणूस रहस्यकथेवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. मजुरी, महागाई, १९६९ चा माथाडी कायदा हे आमचे नेहमीचे विषय. परंतु माल यायचा थांबला म्हणजे आडतीच्या ओट्यावर बसून हमाल काय वाचतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या कपाटातून झाले आणि त्या कपाटातले सर्वांत फाटके पुस्तक बहुधा रहस्यकथेचेच असे. जे पुस्तक इतक्या हातांतून जाते त्याचा विचार व्हायला हवा.

मराठीत रहस्यकथा म्हटली की बाबूराव अर्नाळकरांचे नाव प्रथम येते. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची माणसे घराघरांत गेली. त्यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांच्या कथेत वेग आहे, वेषांतर आहे, पिस्तूल आहे. रहस्यकथेची दुसरी एक शाखा मात्र सौम्य आहे. इंग्रजीत तिला 'कोझी मिस्टरी' म्हणतात; आपण तिला घरगुती रहस्यकथा म्हणू. तीत गुन्हा घडतो, पण रक्तामांसाचे वर्णन नसते. शोध घेणारा पोलिस खात्यातला नसतो. शेजारची म्हातारी असते, नाहीतर शाळेतले पोर असते. गाव लहान, माणसे ओळखीची, आणि शेवटी विस्कटलेली घडी पुन्हा बसते. लेखक या वाटेवर कसा येतो, हे मला आज दोन उदाहरणांनी सांगायचे आहे.

पहिले उदाहरण परदेशचे. अगाथा ख्रिस्ती ही इंग्लंडच्या टॉर्की गावची. पहिल्या महायुद्धात तिने प्रथम जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, मग ती औषधालयात कामाला लागली. १९१७ साली तिने औषधे देण्याची परीक्षाही दिली. कपाटात विषाच्या बाटल्या, हाताखाली वजने-मापे आणि कामाच्या मधल्या रिकाम्या वेळात डोक्यात घोळणारी गोष्ट, अशी तिची पहिली कादंबरी जन्मली. बहिणीने 'तुला जमायचे नाही' असे डिवचले होते, तेही कारण झाले. गावात बेल्जियमचे निर्वासित आले होते, त्यांवरून तिला पॉयरो हा गुप्तहेर सुचला. कित्येक प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी १९२० साली निघाली. करार मात्र असा की दोन हजार प्रती खपल्यावाचून मानधन नाही आणि पुढची पाच पुस्तके त्याच प्रकाशकाला द्यायची. आरंभी तिच्या हाती पडले ते पंचवीस पौंड. नव्या कामगाराला कागद न वाचता सही करायला लावतात, त्यातलाच हा प्रकार!

पुढे १९२७ साली एका लघुकथेत आणि १९३० साली कादंबरीत तिने मिस मार्पल ही वृद्ध अविवाहित बाई आणली. ही बाई लहानशा खेड्यात लोकर विणत बसते. कोणी तिला मोजत नाही, म्हणून सगळे तिच्यासमोर मोकळे बोलतात. नवा गुन्हा घडला की तिला गावातले जुने कोणीतरी आठवते आणि त्या तुलनेवरून ती उलगडा करते. मनुष्यस्वभाव पाहायला खेडे पुरते, हे तिचे सारे शास्त्र.

दुसरे उदाहरण आपले. भा. रा. भागवत १९१० साली इंदूरला जन्मले. त्यांनी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला आणि १९५१ साली मुंबईत 'बालमित्र' हे मुलांचे मासिक सुरू केले. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई याही मुलांसाठी लिहीत. ज्यूल्स व्हर्नच्या कादंबऱ्या भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे नाव आजही अनेकांच्या ओठांवर आहे. दुसऱ्याची उत्तम गोष्ट आपल्या भाषेत सांगता सांगता प्रकरण कोठे थांबवावे, उत्सुकता कोठे ताणावी, हे हाताला कळते. भागवतांची खरी उमेदवारी तेथे झाली असे मला वाटते.

मग त्यांनी फास्टर फेणे निर्माण केला. फुरसुंगीचा बनेश फेणे, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. अंगाने काटकुळा, सायकलवर वाऱ्यासारखा, आणि काही सुचले की तोंडाने 'ट्टॉक्' करणारा. या पोराची वीस पुस्तके झाली. त्याच्यापाशी पिस्तूल नाही. नजर आहे, सायकल आहे आणि मित्र आहेत. लेखकाने वाचक ठरवला मुलांचा, म्हणून रक्तपात आपोआप गळाला. आणि रक्तपात गळाला म्हणून बुद्धीवरच सगळा भार आला. सौम्य रहस्यकथा लिहिणे सोपे, असा समज आहे. मला उलट वाटते. मारामारी घालून पाने भरता येतात. तिच्यावाचून वाचकाला धरून ठेवायचे, तर खुणा आधीच त्याच्यापुढे मांडाव्या लागतात आणि तरीही त्या त्याच्या नजरेतून निसटाव्या लागतात.

आता आपण विचाराल, याचा आमच्या पोटापाण्याशी संबंध काय? संबंध संशयाचा आहे. एका बाजारपेठेत सोयाबीनची पोती कमी भरली तेव्हा पहिले बोट हमालाकडे गेले. नोंदवही कोणी उघडली नाही. दोन दिवसांनी वहीत बेरजेची चूक निघाली. तोवर त्या माणसाचे दोन दिवसांचे काम गेले होते आणि घरी बायकोला तोंड दाखवायची चोरी झाली होती. घरात दागिना हरवला की मोलकरीण, शिवारात मोटर गेली की पारधी, असा आपला हिशोब. इंग्रजांनी १८७१ साली तर कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. मनातला कायदा अजून रद्द व्हायचा आहे.

चांगली रहस्यकथा या मनातल्या कायद्यावर घाव घालते. विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन' ही १८६८ सालची कादंबरी घ्या. हिरा चोरीला जातो. संशय येतो तो पूर्वी चोरी केलेल्या मोलकरणीवर आणि परदेशी हिंदू माणसांवर. आणि हिरा लुबाडणारा निघतो धर्मादाय संस्थांत मिरवणारा एक सभ्य गृहस्थ. वाचकाने स्वतःच मोलकरणीवर संशय घेतलेला असतो, म्हणून ते उत्तर त्याला लागते. भाषणाने जे होत नाही ते असे गोष्टीने होते.

२०१७ साली फास्टर फेण्यावर चित्रपट निघाला. निर्मात्यांत आपल्या लातूरजवळच्या बाभळगावचे रितेश देशमुख होते आणि भागवतांची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली. त्यात मोठा झालेला फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला येतो. एका परीक्षार्थीच्या मृत्यूवर आत्महत्येचा शिक्का बसतो. फेणे तो मान्य करीत नाही. ज्या लातुरात हजारो मुले याच परीक्षेसाठी खोल्या घेऊन राहतात, तेथे ही गोष्ट परकी वाटायला नको.

म्हणून येथल्या लिहिणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. परदेशातले वाडे आणि धुके उसने आणू नका. आठवडी बाजार, एस.टी. स्टँडवरचे कँटीन, ऊसतोडीला अर्धे गाव गेल्यावर कुलूप लागलेली घरे, आडतीतला वजनकाटा, यांत लागेल तेवढे गूढ आहे. शोध घेणारी व्यक्ती अशी निवडा की जिच्याकडे कोणी पाहत नाही: अंगणवाडीची मदतनीस, पाणी भरणारी आजी, नाहीतर चहाच्या टपरीवरचे पोर. आपण कामाला असू तेथील बारकावे टिपून ठेवा. औषधालयातल्या बाईला तेच उपयोगी पडले. आणि प्रकाशकाची सही घेण्याची घाई असली, तरी करार दोनदा वाचा. वाचता आला नाही, तर युनियनच्या कचेरीत घेऊन या.