“तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते” म्हणणाऱ्या आजीला थीम पार्कला नेता येतं का?

सुट्टी लागली की सातारा-सांगलीकडच्या घरांत थीम पार्कचा विषय निघतो. पोरं खूश, गाडी ठरते आणि मग आजी म्हणते, “तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.” गुडघे गेलेत, पाच मिनिटं उभं राहवत नाही, एवढ्या लांब जाऊन करायचं काय? घरचेही फार आग्रह करत नाहीत.

पण खरी अडचण पाळण्यांची नसतेच, ती आधीच सुरू होते. खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं. साताऱ्याहून ते साधारण 180 किलोमीटर, सांगलीहून 300 च्या घरात. गाडी सीएनजीची असेल तर डिकीत टाकी असते, घडीची व्हीलचेअर मावत नाही. हे बहुतेकांना निघायच्या सकाळी कळतं! दुसरी गोष्ट पाण्याची. वाटेत कमोड मिळेल की नाही या धास्तीने म्हातारी माणसं घरून निघाल्यापासून पाणीच पीत नाहीत. वर दिवसभर ऊन. चक्कर येते ती बऱ्याचदा यामुळे. त्यामुळे कमोड असलेला थांबा आधी हेरून ठेवावा आणि तो आजीला सांगावा, म्हणजे ती पाणी पिईल.

पार्कला फोन करून “व्हीलचेअर मिळते का?” एवढंच विचारून भागत नाही. खुर्ची मिळते, पण हॉटेलच्या दारात तीन पायऱ्या असतात. पायऱ्या किती, रॅम्प कुठे, स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाते का, हे विचारावं. रॅम्पचा हिशोब सोपा आहे : 1 फूट उंची चढायला 12 फूट लांबी. म्हणजे 6 इंचांच्या एका पायरीला 6 फुटांचा उतार लागतो. अनेक ठिकाणी दोन फुटांची फरशी तिरकी टाकून ‘रॅम्प’ म्हणतात, ती घसरगुंडी असते. तशा उतारावर खुर्ची उलटी, म्हणजे आपली पाठ उताराकडे करून, हळूहळू खाली आणावी.

आता पाळणे. काही राइडवर “यांना बसवता येणार नाही” असं सांगतात आणि घरच्यांना अपमान वाटतो. पण कारण असतं. वीज गेली, बिघाड झाला तर राइड मध्येच थांबते आणि माणसांना उंचावरून जिन्याने उतरवावं लागतं. आधाराशिवाय नीट बसता येणं हीही अट असते. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

पायऱ्यांबाबत मात्र वाद घालायला हरकत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या खासगी जागांनाही लागू होते, करमणुकीच्या जागांसकट. जुन्या इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे किमान नियम बंधनकारक हवेत, नुसती मार्गदर्शक तत्त्वं पुरेशी नाहीत, असं स्पष्ट केलं. रॅम्प वापरायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही, हेही लक्षात ठेवावं.

मनात आणलं तर काय होऊ शकतं? अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत 2010 पासून ‘मॉर्गन्स वंडरलँड’ आहे. गॉर्डन हार्टमन यांनी ते आपल्या दिव्यांग मुलीमुळे उभारलं. तिथल्या वॉटर पार्कमध्ये बॅटरीऐवजी दाबाच्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या आहेत, त्या थेट पाण्यात नेता येतात.

तेवढा प्रवास झेपणार नसेल तर जवळचं पाहावं, पण तेही पारखून. सज्जनगडाला गाडी बरीच वर जाते, शेवटच्या पायऱ्या काही चुकत नाहीत. वेण्णा तलावावर बसणं सोपं, हलत्या बोटीत पाय टाकणं अवघड. सांगली शहर मुळात सपाट, त्यामुळे गणपती मंदिराच्या परिसरात फिरणं गडापेक्षा खूपच हलकं. पाचगणीचं टेबल लँड दिसायला सपाट, पण जांभा खडबडीत आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यात अडकतात. तिथे खुर्ची उलटी फिरवून ओढत न्यावी, मोठी चाकं आधी. फक्त कड्यापासून लांब थांबावं आणि मग आजीला दरीकडे तोंड करून बसवावं.